पाचवा आवाज

॥ श्री ॥
वालूर, ता. २ फेब्रुवारी १९५९

चि. मुंजाजीस आक्काचा आशीर्वाद. वि. वि. आमी सारे खुशाल हाओत असं लिहायची रीत हाय, पर मी खोटं लिहिणार न्हाई. तू पाटीवर दोन बुकं शिकविलीस त्या अक्षरात लिहायलेय. वाकडं असंल तर वाकडं वाच. दुसऱ्याकडून लिहून घेतलं तर टपालाच्या आधी गावभर वाचून होईल.

आपल्या आश्रुबावर लय वंगाळ वखत आलाय. तुला मालूम हाय, माझं पोरगं माणिकराव गुत्तेदाराच्या टोळीत विहिरी फोडायच्या कामावर जातंय. आपले जावाई सूर्यभान बी त्याच टोळीत. खडकाला भोकं पाडायची, दारू ठासायची, वाती पेटवायच्या आन् वर पळायचं. मंग एकानं आवाज मोजायचे. जेवढे सुरुंग भरले तेवढे आवाज आले तरच खाली उतरायचं. एक कमी आला तर त्या दिवशी कुणी पाय ठेवायचा न्हाई, कारण मुका राहिलेला सुरुंग खाली तसाच बसलेला असतोय. मोजायचं काम आश्रुबाकडं. पोराचा कान तिखट म्हणून माणिकरावानंच त्याला दिलं होतं.

चोवीस तारखेला, शनिवारी, भर दुपारी पाच सुरुंग भरले होते. चार धडाके झाले. जरा वेळानं आणखी एक वाजला. आश्रुबानं पाच म्हणून हाळी दिली. धूर बसल्यावर सूर्यभान पहिले उतरले. सुटलेला धोंडा हलवाया पहार लावली, आन् पायाखालचा सुरुंग फुटला. उजवा हात मनगटापासून गेला. गाल भाजला. परभणीच्या दवाखान्यात हाईत.

पाच आवाज होऊन गेल्यावर हा फुटला तो कोणता, ह्याचा जवाब कुणाला सापडंना. मंग सोपा जवाब काढला. आश्रुबा चुकला. माणिकराव तर म्हणायलाय की पोरगं पिऊन आलतं. माझं पोरगं तंबाखू खातंय, ते मी लपवीत न्हाई. दारूला त्यानं कधी बोट लावलं न्हाई. छबूनं दवाखान्याच्या दारातच त्याला सांगितलं की माझ्या मालकाचा हात तू खाल्लास, परत तोंड दाखवू नको. सख्खी बहीण. तो तसाच माघारी आला आन् तवापासून गोठ्यात बसून हाय.

आता खरं ऐक. मी त्या वखताला जवारीत माळ्यावर होते, पाखरं हाकलीत. मी बी पाच ऐकले. पर आईची साक्ष कोण धरतोय? पाचवा वाजल्यावर मी वर बघितलं. ढग न्हाई, काही न्हाई. आभाळात खडूनं ओढल्यावानी पांढरी रेघ, आन् तिच्या शेंड्याला काहीतरी चकाकत पार परभणीच्या अंगाला गेलेलं. ते तुमचं विमान होतं का? तुमची बिनपंख्याची विमानं गेल्या साली आमच्यावरून दोन-तीनदा गेली. आधी शिट्टी, मागून लुगडं फाडल्यावानी फर्रर्र. ह्यानं तसं काहीच केलं न्हाई. नुसता सुरुंगासारखा धडाका. विमान असा आवाज करतंय का, आन् करतंय तर कशापायी करतंय, ते उलट टपाली लिही. तू तिथं इंजिनं दुरुस्त करतोस, तुला ठावं असलंच पाहिजे.

तुझे दाजी म्हणायलेत की मुंजाला कशाला तरास. मी म्हणलं, त्याला मी खांद्यावर वागवलाय, त्यानं एक कागद लिहिला तर झिजणार न्हाई. तुझ्या लेकरांना पापा. जीव लावतोस तो कागदावर दिसू दे.

तुझी आक्का,
कडूबाई

॥ श्री ॥
हवाई तळ, ता. ९ फेब्रुवारी १९५९

ती. आक्कास मुंजाजीचा शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र पोचलं. सूर्यभानरावांची प्रकृती कशी आहे ते कळव. छबूला धीर दे.

तू ज्या विमानाचं विचारलंस त्याबद्दल मला काहीही लिहिता येत नाही. कोणतं विमान कोणत्या दिवशी कुठून गेलं हे घरी कळवायला आम्हाला बंदी आहे. आमची पत्रं उघडून पाहिली जातात. तेव्हा तूही पुढच्या पत्रात तारीख-वार घालून असं विचारू नकोस.

आवाजाचं मात्र लिहितो, ते पुस्तकात छापलेलं आहे. जेट विमानाच्या पोटात पुढच्या बाजूला पात्यांची चाकं असतात. ती हवा ओढून दाबतात, त्याची शिट्टी होते. म्हणून विमान समोरून येताना बारीक किंचाळी ऐकू येते. आत तेल जळतं आणि तापलेली हवा शेपटीतून भयंकर जोरानं बाहेर पडते. बाहेरच्या थंड हवेशी तिची झोंबाझोंबी होते, त्याचा तो फर्रर्र आणि गडगडाट. तो मागून येतो. तू दोन्ही बरोबर ओळखलेस. तिसरा प्रकार असा की विमानाची गती ध्वनीच्या गतीहून अधिक झाली असता दाबलहरी एकवटून आघात उत्पन्न होतो व तो भूमीवर स्फोटासारखा ऐकू येतो.

आश्रुबाला म्हणावं, मनाला लावून घेऊ नकोस. झालं ते दैव. दुसरं काही काम बघता येईल. साखर कारखान्यांकडं ऊस तोडायला माणसं जातात, तिकडं चार महिने गेला तर लोक विसरतील. तू फार तापू नकोस, तुझं डोकं धरतं. दाजींना नमस्कार. माझ्यावर लोभ आहेच, तो रागाच्या खाली दाबला जाऊ नये एवढंच मागणं.

तुझा,
मुंजाजी

॥ श्री ॥
वालूर, ता. १५ फेब्रुवारी १९५९

चि. मुंजाजीस आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तिन्ही वेळेस फाडावं वाटलं.

दैव म्हणं. दैवाला काय शेपूट असतंय का, पांढरी रेघ ओढीत जायला? आन् तारीख लिहू नको म्हणं. मी लिहिणार. चोवीस जानेवारी, शनिवार. तुझ्या साहेबाला उघडून वाचायचं असंल तर वाचू दे, आन् माझ्या जावायाचा हात कुठं ठेवलाय ते बी त्यानं मला कळवावं.

आश्रुबाला ऊस तोडाया धाड म्हणतोस. गेला म्हणजे चुकला होता हेच ठरलं की न्हाई? बिनचुकीचं पोरगं तोंड लपवून का जाईल? लिहिण्याआधी जरा इचार करीत जा.

तुझा कागद घेऊन मी माणिकरावाच्या ओसरीवर गेले. त्याला वाचून दाखविला. दाबलहरी आन् आघात ह्या शब्दांपाशी मलाच अडखळायला झालं, आन् तो मांडीवर थाप मारून हसला. म्हणला, कडूबाई, विमान गेलं परभणीच्या अंगाला आन् आवाज पडला वालूरच्या विहिरीवर, म्हणजे विमानानं आवाज काय मागं विसरला का? पोलीस ॲक्शनच्या साली विमानं आलती ती साऱ्या गावानं ऐकलीत. आधी घूं-घूं यायची, मंग विमान दिसायचं. आधी आवाज, मंग धनी. उलटं कुणी बघितलंय? ओसरीवरची माणसं बी हसली. माझं तोंड कुणापुढं बंद पडत न्हाई, ते तुझ्या कागदामुळं पडलं.

घरात काय चाललंय ते ऐक. आश्रुबा सारं मोजायलाय. शेजारी दगडाबाई उखळात कांडायला बसली की हा गोठ्यातून तिचे घाव मोजतोय आन् मला येऊन विचारतोय, आई, चाळीस झाले न्हवं? मी कुठं मोजलेले असतेत? पर हो म्हणते. परवा म्हणले, न्हाई रे, मी एकेचाळीस मोजले, गमतीनं. त्याचं तोंड असं झालं की मला माझीच जीभ तोडावी वाटली. जिंतूरकडच्या एका टोळीनं बोलावलं होतं, मोजायला न्हवं, नुसतं दगड उचलायला. गेला न्हाई. म्हणला, मी असल्यावर माणसं भिऊन काम करतील.

आन् एक इचारते, त्याचा जवाब दे. आमी अडाणी माणसं. तरी वात लावण्याआधी बाभळीला लाल फडकं बांधतो. चौफेर हाळी देतो. वाटंवरचा माणूस थांबवतो, ढोरं लांब नेतो, मंगच पेटवतो. तुमी एवढे शिकलेले, एवढा मोठा धडाका आमच्या डोक्यावर करता, तुमी काय बांधता? कुणाला हाळी देता?

आता कामाचं. काल माळ्यावर बसून डोकं खाजवीत होते. दगड न घालता गोफण फिरविली आन् झटका दिला की शेपटाचा फट्टदिशी आवाज निघतोय, त्यानं पाखरं उठतेत. हे मी पोरपणापासून करते, पर कधी इचार केला न्हवता. शेंडा कशाला लागत न्हाई. दोरी दोरीवर आपटत न्हाई. मंग वाजतंय काय? हळू फिरविली तर नुसती भुणभुण. शेंडा लय जोरात सुटला तरच फट्ट. तुझं विमान त्या शेंड्यावानी हाय का? हो का न्हाई, तेवढंच लिही. पुस्तक लिहू नको.

जवारी बरी हाय. तुला पाठवायचा हुरडा ह्या भानगडीत राहिला. लोभ ठेव म्हणायला आज जीभ रेटत न्हाई, तरी ठेव.

कडूबाई

॥ श्री ॥
हवाई तळ, ता. २२ फेब्रुवारी १९५९

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

हो.

आम्हाला शिकवणाऱ्या साहेबांनी वर्गात चाबकाचा दाखला दिला होता. मी तो वहीत उतरवून घेतला आणि विसरलो. तू माळ्यावर बसून काढलास. गोफणीचा शेंडा आवाजाहून जोरात धावतो म्हणून हवाच फट्ट करते. विमानाचंही तेच, फक्त शेंडा बैलगाड्या चार उभ्या कराव्या एवढा लांब.

मागचं पत्र मी घाबरून लिहिलं होतं, म्हणून पुस्तकातलं लिहिलं. आता नीट सांगतो. आपल्या गोदागंगेत नाव जोरात गेली की तिच्या नाकापासून दोन्ही अंगांना लाट निघते, आठवतं? आपण काठावर उभं राहायचो. नाव पुढं निघून जायची, आणि मग लाट येऊन आपले पाय भिजवायची. लाट आली तेव्हा नाव समोर नसायची. तसंच हे. आवाजाला एक मैल जायला पाच सेकंद लागतात. सहा-सात मैल उंचावरून तो खाली पोचेपर्यंत अर्धं मिनिट जातं, तेवढ्यात विमान पाच-सहा मैल पुढं गेलेलं असतं. माणिकरावांना म्हणावं, विमानानं आवाज खरंच मागं टाकला. अठ्ठेचाळीस सालची पंख्याची विमानं आवाजाहून हळू होती, म्हणून त्यांचा आवाज आधी यायचा. हीसुद्धा सरळ उडताना तेवढी पळत नाहीत. उंचावरून नाक खाली करून झेप घेतली तरच, आणि तीही थोडा वेळ.

आता साक्षीचं. दोन गोष्टी कर. विमानाचा धडाका बहुतेक दुहेरी असतो, एक नाकाचा आणि एक शेपटाचा, लागोपाठ. आश्रुबाला पाचवा आवाज कसा होता ते विचार, पण आधी तू काही सांगू नकोस. दुसरं, विहिरीतला सुरुंग दोन कोसांपलीकडं कोण ऐकणार? आभाळातला धडाका मात्र कोसच्या कोस ऐकू जातो. लांबच्या गावात चौकशी कर.

लाल फडक्याचं विचारलंस. आम्ही काही बांधत नाही.

आणि आक्का, त्या शनिवारी मी कोणत्या इंजिनावर हात काळे केले होते ते मात्र विचारू नकोस. पत्र उघडणाऱ्यांसाठी म्हणत नाही. माझ्यासाठी म्हणतो.

तुझ्या रागाला पात्र, पण तुझाच,
मुंजाजी

॥ श्री ॥
वालूर, ता. ८ मार्च १९५९

चि. मुंजाजीस आशीर्वाद. वि. वि. विचारत न्हाई. कळलं. पर कळलं म्हणजे राग गेला असं समजू नको.

आश्रुबाला इचारलं. मंग म्हणला, पाचवा जोडून आलता, दार आपटून परत आपटल्यावानी. आन् पहिले चार टाचांना लागले, पाचवा टाचांना लागला न्हाई, नुसता छातीवर आला. मी म्हणलं, मेल्या, हे महिनाभर पोटात घालून बसलास? तर म्हणला, सांगितलं असतं तर लोक म्हणले असते, एवढं कळलं होतं तर पाच कशाला म्हणलास? हाळी देताना त्याच्या मनात आलं ते एवढंच, की शेवटचा सुरुंग कोपऱ्यातला, म्हणून निराळा वाजला असंल.

मंग मी चारठाण्याला गेले. गाडीत हाडं खिळखिळी झाली. तिथं माझी चुलत जाऊ तानुबाई राहती. मी काही इचारण्याआधी तिनंच काढलं. त्या शनिवारी दुपारी धडाका झाला, फळीवरची भांडी वाजली, आन् सारं गाव जुन्या देवळाकडं पळालं. त्यांना वाटलं देवळाचा दगड पडला. दगड मोजून बघितले म्हणं, सारे जाग्यावर. गुरव तर दोन दिवस कोणता दगड पडला ते हुडकीत होता. कुठं वालूरची विहीर आन् कुठं चारठाण्याचं देऊळ! मी अकरा माणसांची नावं कागदावर लिहून घेतली. गुरवानं खाली सही केली, आन् ते बी विचारलं की मंग पडलं तरी काय? मी म्हणलं, माझ्या घरावर पडलं.

तो कागद आन् तुझा कागद माणिकरावापुढं टाकला. वाचला. हसला न्हाई ह्या वेळी. म्हणला, बरं, विमान तर विमान, पर मोजणाऱ्याला फरक कळाया पाहिजे होता. बघ कसा आदमी हाय. आधी म्हणला विमान न्हवतंच. आता विमान हाय तर चूक परत माझ्याच पोराची. मी म्हणलं, विहिरीवर तुमी बी हजर होता, तुमाला कळला का फरक? तो पानाचा डबा उघडून बसला.

तिथून थेट मोटारीनं परभणीला. जावायापुढं सासूनं तोंड उघडायचं न्हाई ही आपली रीत. डोईवरचा पदर नीट केला आन् उघडलं. सूर्यभान भिंतीकडं तोंड करून पडलेले. छबू पायथ्याशी बसलेली. मी सारं सांगितलं, गोफण, नाव, चारठाणं, अकरा माणसं. ते ऐकत होते का न्हाई ते बी कळंना. मंग भिंतीकडंच तोंड ठेवून बोलले.

“मामी, मी बी पाचच मोजले होते.”

मंग त्यांनी हळूहळू सांगितलं. टोळीतला जो तो मनात मोजतोय. हाळी एकजण देतो ते नुसतं सगळ्यांचं जुळतंय का बघायला. दुसऱ्याच्या मोजणीवर जीव घेऊन कुणी विहिरीत उतरत न्हाई. ते स्वतःच्या पाचावर उतरले होते. टोळीतले बाकीचे बी पाचावरच गप्प हाईत. मी इचारलं की मंग महिनाभर तोंडाला काय झालं होतं. तर म्हणले, हात गेला तेव्हा कुणावर तरी चिडायचं होतं. आभाळाला कुठं धरू? मेव्हणा समोर होता, त्याला धरलं.

मला एवढा संताप आला की हातातला तांब्या खाली आपटला. बाकड्यावरची नर्स धावत आली. मी म्हणलं, जावाईबापू, चिडायचा तुमचा हक हाय, माझ्यावर चिडा, विमानावर चिडा, माझ्या भावावर चिडा. पर माझं पोरगं तिकडं गोठ्यात बसून दुसऱ्याच्या उखळाचे घाव मोजतंय, आन् तुमी खरं गिळून पडलाव. हात तुमचा गेला, त्याचा कान गेला. ते रडले. मी गप बसविलं न्हाई. रडू दिलं. नंतर मात्र पाणी पाजलं, एका हातानं तांब्या धरता येत न्हवता त्यांना.

छबूनं सारं ऐकलं. उठून बाहेर गेली. माघारी आली तर मी आणलेली शिदोरी सोडून नवऱ्याला भरवाया लागली. भावाचं नाव काढलं न्हाई. मी बी काढलं न्हाई. पोरीचा सोभाव माझाच हाय, तिला धक्का मारून उपेग न्हाई.

आता सूर्यभानांनी टोळीपुढं हे बोलावं एवढं राहिलंय. बोलतील का न्हाई, ठावं न्हाई. घरच्यांना उदंड आशीर्वाद. तुझ्याबद्दलचं पुढच्या पत्रात बघू.

कडूबाई

॥ श्री ॥
हवाई तळ, ता. १६ मार्च १९५९

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि. पत्र थोडक्यात लिहितो.

तुझा लाल फडक्याचा सवाल मी साहेबांपुढं मांडला. तोंडी नाही, अर्ज लिहून. वस्तीवरून झेप घेऊ नये, घ्यायची तर समुद्रावर घ्यावी, असं लिहिलं. साहेब वाईट माणूस नाहीत. पण त्यांनी विचारलं की विमान वालूरवरून गेलं हे तुला घरच्यांनी कळवलं की तू घरच्यांना? इंजिनावरून काढून त्यांनी मला गोदामात बसवलं आहे. अर्ज वर पाठवतो म्हणाले. पाठवला का ते मला कळायचं नाही.

हे तुला दिलासा म्हणून लिहीत नाही. आश्रुबाचा महिना आणि माझं गोदाम सारखं नाही, एवढं मला समजतं.

एक कामाचं सांगतो. खडकातल्या सुरुंगाचा हादरा जमिनीतून येतो. आभाळातला धडाका हवेतून येतो, त्यानं पत्रे-भांडी वाजतात, पण खडकाला तसा ठोका बसत नाही. आश्रुबाच्या टाचांना हे कळलं होतं, कानानं त्याला फसवलं. मोजताना तळहात खडकाला टेकवा. दोघांनी वेगवेगळं मोजा. आकडा जुळला तरच उतरा.

आश्रुबाला मामाचा आशीर्वाद, घेईल तर.

तुझा,
मुंजाजी

॥ श्री ॥
वालूर, ता. २ एप्रिल १९५९

चि. मुंजाजीस आक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि. गोदामात बसविलं ते वाचून तुझे दाजी हळहळले. मी न्हाई हळहळले. अर्ज दिलास ते बरं केलंस. आधी सुचलं असतं तर आणखी बरं झालं असतं.

सूर्यभान होळीच्या आधी घरी आले. आल्यावर दोन दिवसांनी विहिरीवर गेले आन् टोळीपुढं सांगितलं की मी पाच मोजले होते. मंग एकेकाला तोंड फुटलं. मी बी पाच, मी बी पाच. दोन महिने हे सारे पाच कुठं ठेवले होते कुणास ठावं. मला बातमी लागली तेव्हा जाऊन एकेकाच्या थोबाडीत द्यावी वाटली. दाजींनी धरून ठेवलं.

तुझी तळहाताची गोष्ट मी आश्रुबाला वाचून दाखविली. तो उठला, अंगणातल्या खडकावर हात ठेवला, आन् मला म्हणला, आई, लांब जाऊन पहार आपट, किती ते सांगू नको. मी गोठ्यामागं जाऊन आपटली. सात म्हणला. सातच होते. ह्या वेळी मी खरोखरच मोजले होते.

परवा विहिरीवर सहा सुरुंग भरले. पाडव्याच्या आत काम उरकायचं म्हणून माणिकरावाला घाई. आश्रुबाला मोजाया घ्यायला त्याचं मन न्हवतं, पर सूर्यभान म्हणले, तो अन् मी मोजू, न्हाई तर टोळी वात लावणार न्हाई. मी बी गेले होते. कुणी बोलावलं न्हवतं, तरी गेले. छबू भाकरी घेऊन आलती, ती बाभळीखाली आमच्याकडं पाठ करून बसलेली.

आश्रुबा खडकावर पालथा झोपला, दोन्ही तळहात टेकवून. सूर्यभान त्याच्याशेजारी बसले, डावा हात खाली. वाती पेटल्या. धडाके सुरू झाले. मला तर सारे एकात एक मिसळल्यावानी वाटले, विहिरीच्या भिंतीचा घुमारा लय.

आश्रुबा पाच म्हणला. सूर्यभान पाच म्हणले. माणिकराव म्हणला सहा झालेत, मी इथं उभा राहून ऐकलेत, दिवस वाया घालवू नका, उतरा. आश्रुबा वर बघून परत पाच म्हणला, हळूच. मी त्याच्याकडं बघितलं न्हाई, मला बघवंना. माणिकराव दुसऱ्यांदा ओरडला. टोळीतला एकबी माणूस हलला न्हाई. ज्यांनी दोन महिने तोंड शिवलं होतं तेच लोक. एकानं तर पागोटं काढून उशाला घेतलं आन् आडवा झाला.

मी माणिकरावाला म्हणले, गुत्तेदार, तुमचे सहा झालेत ना, मंग तुमी उतरा. तो दोराजवळ गेला. खाली वाकून बघितलं. मंग दगडावर येऊन बसला.

त्या दिवशी काम बंद. दुसऱ्या दिवशी भोकांत पाणी सोडून बघितलं, तर उगवतीच्या कोपऱ्यातला सुरुंग भरलेला तसाच.

पर ते दुसऱ्या दिवशीचं. त्याच दुपारी छबू बाभळीखालून उठली. भाकरीचं फडकं सोडलं, नवऱ्यापुढं दोन भाकरी ठेवल्या. मंग उरलेल्या दोन घेऊन आश्रुबाजवळ गेली. तो अजून पालथाच होता, हात खडकाला चिकटलेले. तिनं त्याचा एक हात खडकावरून उचलला, त्याच्यात भाकरी दिली, आन् जेव म्हणाली.

मुंजा, तुझ्या साहेबाला माझा राम राम सांगू नको. तू मात्र सुट्टी काढून ये. भांडायचं बरंच राहिलंय, ते कागदावर मावत न्हाई. तोवर माझ्या रागाला भिऊ नको आन् माझ्या मायेला इसरू नको.

तुझी आक्का,
कडूबाई